नावाचं कडवं

१८ नोव्हेंबर १९९०, रविवार

आज विहाराच्या ओसरीवर गाण्याचा वर्ग सुरू केला. गाणं म्हणायचा नव्हे, गाणं रचायचा. असा वर्ग तलमडुगु मंडलात तर सोडाच, अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात कुणी काढला नसेल. मी खुशाल, सरकारी मराठी शाळेचा गुरुजी, गावच्या गायन पार्टीचा कवी, वय त्रेचाळीस. हे काम मी केलं याची कुठे तरी नोंद असावी, म्हणून ही वही.

येत्या एप्रिलात बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं होतात. सात एप्रिलला आदिलाबादेत मोठा मेळावा आहे आणि त्यात शाळकरी मुलांनी नवी गाणी म्हणायची आहेत. मोठ्या माणसांची नव्हे, मुलांनी रचलेली. आमच्या गावातून एक तरी गाणं गेलंच पाहिजे.

सहा मुलं आली. त्यातली दोन माझ्या बायकोनं, द्वारकानं, ठेवलेल्या फुटाण्यांसाठी आली होती, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी तीन नियम सांगितले. आधी चाल धरायची, 'ना ना ना' म्हणत टाळ्यांनी मोजायची आणि त्या मापात शब्द बसवायचे. दुसरा, जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. तिसरा, शेवटी नावाचं कडवं. रचणाऱ्याचं नाव त्यात येतं, म्हणजे गाणं कुठेही गेलं तरी ते कुणाचं हे लोकांना कळतं.

पण शिकणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं नसतं. त्यानं उस्तादाचं घालायचं, आणि 'आता तुझं घाल' असं उस्तादानं सांगेपर्यंत तसंच चालवायचं. आमच्या पार्टीचा हा दंडक आहे. मी अकरा वर्षं माझ्या गाण्यांत माझ्या उस्तादांचं, देवाजीबुवांचं नाव घातलं.

सातवीतली पंचफुला, गयाबाईची मुलगी, हळूच म्हणाली, "गुरुजी, मंग पोट्ट्यानं केलं हे लोकायले कसं समजन?"

मी म्हटलं, "उस्तादाच्या नावातच शिष्याचं नाव असते." उत्तर मला स्वतःला फार आवडलं.

२५ नोव्हेंबर, रविवार

प्रत्येकाला एक ओळ रचून आणायला सांगितली होती. चौघांनी सूर्य आणला. ज्ञानाचा सूर्य, समतेचा सूर्य, नुसताच सूर्य. एकानं घरची बकरी आणली, ती पुस्तक खाते अशी. त्याला म्हटलं, बकरी राहू दे, तूही सूर्य घे.

पंचफुला रिकाम्या हातांनी आली. "चाल नाई सापडली, गुरुजी." रेडिओवरची कुठलीही घे म्हटलं, तर त्यांच्या घरी रेडिओच नाही. पोरगी मंद आहे असं नाही, पण गाणं तिच्या नशिबात दिसत नाही.

९ डिसेंबर, रविवार

माझा अंदाज चुकला. पंचफुलानं आज धृपद आणलं. चाल रेडिओची नाही, शेतात बाया कापूस वेचताना जी गुणगुणतात ती. ओळी अशा:

बोट माईचं सोललं, कापूस येचू येचू,
तेच बोट ओळीवर, म्हणे लेकी, कसं वाचू?

आणि पहिलं कडवं:

ओटी भरून सांडली, पाठ उन्हात वाकली,
बाबासाहेबाचं नाव आधी वाचाया शिकली.

टाळ्या मोजून पाहिल्या, एकही इकडची तिकडे नाही. हे कौतुकास्पद आहे. मात्र शब्द कच्चे. 'सोललं' हा काय गाण्यातला शब्द झाला? मंचावर पुढारी बसलेले, अधिकारी बसलेले, आणि आपण सोललेलं बोट घेऊन उभे. मी धृपद दुरुस्त करून दिलं: 'ज्ञानसूर्य उगवला, अंधकार तो पळाला.' पंचफुलानं मुकाट्यानं लिहून घेतलं. शिष्य असावा तर असा.

जेवताना द्वारकाला दोन्ही म्हणून दाखवली. ती म्हणाली, "तुमच्या गाण्यात सूर्य रोज निंगते. मावळत कदी नाई." तिला काव्य कळत नाही, हे लग्नाच्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं. तरीही पंचफुलाच्या मूळ ओळी मी या वहीत का उतरवल्या, कोण जाणे.

२० डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. शाळेतून सायकलवर येताना माणिकरावांच्या शेताजवळ थांबलो. पंधरा-सोळा बाया कमरेला ओट्या बांधून कापूस वेचत होत्या आणि गात होत्या ते आमच्या वर्गातलं गाणं! माझं गाणं शेतापर्यंत पोचलं. छाती अशी भरून आली की सायकल बांधावर टेकवून मी नुसता उभा राहिलो.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. एक, त्या जुनीच ओळ म्हणत होत्या, सोललेल्या बोटाची. दुरुस्त केलेली ओळ त्यांच्यापर्यंत आलीच नसावी, किंवा पाठ झाली नसावी. दुसरी गोष्ट जास्त वाईट. शेवटी जी ती आपलंच नाव घालत होती. 'गयाबाई म्हणे', मग 'विठाबाई म्हणे', मग 'रुक्माबाई म्हणे', आणि प्रत्येक नावानंतर हसणं. याला काही शिस्त आहे का?

मी बांधावरून ओरडलो, "अवो बायांनो, शेवटी खुशाल म्हणे असं म्हना!"

गयाबाई सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "या ना गुरुजी, बांधा ओटी. दोन तास येचा, मंग घालतो तुमचं नाव."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं. घरी आल्यावर द्वारकाला फक्त गाणं पोचल्याचं सांगितलं.

६ जानेवारी १९९१, रविवार

इंद्रवेल्लीकडे जाऊन देवाजीबुवांना भेटून आलो. आता ते मुलीकडे असतात. दिसतं कमी, ऐकू मात्र नीट येतं. पाया पडून वर्गाचं सांगितलं. फार खूश झाले. नावाचा दंडक मी कसा कसोशीनं पाळतो तेही सांगितलं.

मग म्हणाले, "खुशाल, तुहं एखांदं जुनं गाणं म्हन. माह्या नावाचं."

मी विहिरीचं म्हटलं. लहानपणी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी घेऊ देत नसत, आई बादली घेऊन लांब उभी राहायची, त्याचं ते गाणं. शेवटी 'देवाजी म्हणे' आलं तसं त्यांनी हात वर केला.

"हे माहं नाई. आमच्या गावात नदी होती. मी विहिरीवर कदी उभाच नाई राह्यलो."

मी म्हटलं, "बुवा, रचलं मीच, नाव तुमचं."

"तेच म्हनून राह्यलो," ते म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले.

वयानं माणूस विसराळू होतो. बसमध्ये येताना वाईट वाटलं. ते गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं तो दिवसही आठवला. मी मागे कोरसमध्ये उभा होतो, लोक बुवांच्या पाया पडत होते. बुवांबद्दल मला तेव्हा अभिमानच वाटला होता. जेवायला मात्र थांबलो नव्हतो, पोट दुखत होतं बहुतेक.

२७ जानेवारी, रविवार

सराव पार फसला. दुरुस्त धृपद मुलांना पेलत नाही. 'अंधकार तो पळाला' आलं की ढोलकी पुढे पळते आणि मुलं मागे राहतात. बकरीवाला पोरगा तर दर वेळी सवयीनं 'बोट माईचं' असंच सुरू करतो. तासभर घसा ताणल्यावर चालीची सोय म्हणून जुन्या ओळी परत घेतल्या. तात्पुरत्या.

पंचफुला ते ऐकून पहिल्यांदा हसली. दोन दात पडलेत पोरीचे, हे मला आजच कळलं. की दुधाचे पडून नवे यायचे राहिलेत? तेरा वर्षांच्या मुलीचे दुधाचे कसे असतील. विचारायला हवं.

३ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. मागच्या हंगामात कापसाची गाडी उतरवताना जू तोंडावर बसलं होतं. तिनं सहज सांगितलं, मग विचारलं, "गुरुजी, दुसरं कडवं दाखवू?" दाखवलं. चांगलं आहे. काही दुरुस्ती सुचली नाही, म्हणून एक अनुस्वार दिला.

१७ फेब्रुवारी, रविवार

मेळाव्याचा अर्ज भरला. सहाही मुलांनी आपापली गाणी म्हणून दाखवली आणि पंचफुलाचंच पाठवायचं हे सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. फुटाणेवाल्यांनीसुद्धा. अर्जात रकाने होते: गाव, शाळा, गाणारे, रचणारा. गाणारे म्हणून सहाही मुलांची नावं घातली. रचणारा: खुशाल.

द्वारका शेजारी वाती वळत होती. तिनं वाकून अर्ज वाचला. "हे पोट्ट्यायनं रचलेल्या गाण्याचं हाय ना?"

"दंडक आहे," मी म्हटलं. "उस्तादाचं नाव म्हणजे वर्गाचं नाव. त्यात सगळे आले."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' मला कधीच आवडत नाही.

खरं लिहायचं तर मला आदिलाबादेत माझं नाव ऐकायचं आहे. वीस वर्षं गावोगाव गातो आहे, पण जिल्ह्याच्या मंचावर खुशाल हे नाव कधी गेलं नाही. त्यात पाप काय? वर्ग मी काढला, पेटी माझी, ढोलकीचं कातडं मी बदललं.

११ मार्च, सोमवार

गयाबाई शाळेत आली होती, पंचफुलाची वही घेऊन. ती मुलीकडून वाचायला शिकते आहे, रोज चुलीपुढे बसून. म्हणाली, "गुरुजी, गानं वाचलं म्या. पुरं. दोन दिवस लागले." आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिनं मला वाचून दाखवलं, "ख ले उकार खु. शा. ल. खुशाल म्हणे."

मी टाळ्या वाजवल्या. वर्गातल्या मुलांनाही वाजवायला लावल्या.

ती लाजली. मग वही चाळत म्हणाली, "पंचफुला कुठं लिवेल हाय, तेवढं दाखवा. म्या वरून खालपावतो धुंडलं. मले बरोबर वाचता येत नसन अजून."

मी दंडक समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं, "हो का, असं असते का" म्हणाली, वही पदराखाली घेतली आणि गेली. जाताना म्हणाली, "मले वाटलं माहंच चुकून राह्यलं."

एका मजूर बाईनं वाचलेल्या पहिल्या चार-दोन नावांत माझं नाव आहे. संध्याकाळी द्वारकाला हे मोठ्या हौसेनं सांगितलं. ती उठून पाणी भरायला गेली. माठ तर भरलेला होता.

३१ मार्च, रविवार

शेवटचा सराव. गाणं असं बसलं आहे की ऐकताना अंगावर काटा येतो. फक्त शेवटच्या कडव्यात पंचफुलाचा आवाज खाली जातो. 'खुशाल म्हणे' जोरात म्हण, म्हटलं. ती हो म्हणते, आणि पुन्हा तसंच.

मंचावर कुणी प्रश्न विचारले तर काय सांगायचं याची तयारी करून ठेवली आहे. गाणं कसं सुचतं, चाल आधी की शब्द आधी, वगैरे.

८ एप्रिल, सोमवार

काल वही उघडण्याची ताकद नव्हती. आज शाळेत जायच्या आधी सगळं लिहून टाकतो, जसं झालं तसं.

सकाळच्या बसनं निघालो. सहा मुलं, पेटी, ढोलकी, द्वारका आणि वेचणीच्या आठ-नऊ बाया. मैदान भरलं होतं. मराठी, तेलुगू, उर्दू, सगळ्या बोलींचा गलका. प्रत्येक गावाच्या गाण्याचा छापील कागद वाटत होते. आमचाही होता, खाली ठळक अक्षरांत 'रचणारा: खुशाल'. मी दहा कागद घेऊन पिशवीत ठेवले.

अकराच्या सुमारास आमची पाळी आली. पंचफुला पुढे उभी राहिली, मी पेटीवर. 'बोट माईचं सोललं' म्हटलं आणि गलका थांबला. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा बायांच्या बाजूनं साथ यायला लागली. आमच्याच नव्हे, भलत्याच गावांच्या बाया, ज्यांनी हे गाणं कधी ऐकलंही नव्हतं, त्या तिसऱ्या वेळेला आमच्याबरोबर म्हणत होत्या. वीस वर्षांत माझ्या कुठल्याही गाण्याला हे झालेलं नाही.

मग नावाचं कडवं. पोरीनं मान खाली घातली आणि मंचाच्या फळ्यांकडे पाहत ते म्हणून टाकलं.

टाळ्या थांबेनात. माईकवरचे गृहस्थ मला पुढे घेऊन गेले. हार घातला. नाव पुकारलं, दोनदा. मैदानभर माझं नाव घुमलं. मग ते म्हणाले, "खुशाल गुरुजी, हे सोललेलं बोट तुम्हाला सुचलं कसं, ते लोकांना सांगा."

उत्तर तयार होतं. मी माईक हातात घेतला आणि पुढे पाहिलं. पहिल्या रांगेत गयाबाई मांडी घालून बसली होती. तिच्या हातात आमचा कागद होता. एवढ्या टाळ्या चालल्या होत्या, तिचं लक्षच नव्हतं. बोट ओळीवर ठेवून ती वाचत होती, ओठ हलत होते. खाली माझ्या नावाशी आली, थांबली, आणि बोट पुन्हा वरच्या ओळीला नेलं. अजून शोधत होती. मी एवढं समजावून सांगितल्यावरही तिला वाटत होतं की आपलंच वाचायचं चुकतं आहे.

मी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या. माझ्या बोटांना खडूची भुकटी आणि पेटीचे घट्टे. मी आयुष्यात कापसाचं एक बोंडही वेचलेलं नाही.

मग मला विहिरीचं गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं तो दिवस आठवला. त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं. मी रडत घरी गेलो होतो, आणि इतकी वर्षं ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "मले नाई सुचलं." माईक तोंडाजवळ घेऊन पुन्हा म्हटलं. "हे गानं या पोरीचं हाय. पुरं. म्या फक्त एक अनुस्वार देल्ला." लोक हसले. त्यांना विनय वाटला. मी ओरडून सांगितलं, "खरंच सांगून राह्यलो! हिचं नाव पंचफुला. मी उस्ताद, आन मी हिले आज सांगतो, आता तुहं नाव घाल."

पंचफुला माझ्याकडे वळली. "गुरुजी, म्या तं केलंच नाई माह्या नावाचं कडवं."

"आत्ता कर. चाल हाय, टाळ्या मोज."

एवढी माणसं, आणि कुणी हलेना. तिनं हळूच मांडीवर टाळ्या मोजायला सुरुवात केली. मी परत पेटीशी येऊन सूर धरून ठेवला. किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदा ओठ उघडले, मिटले, पुन्हा मोजलं. मग तिनं आईकडे पाहून, मान वर करून म्हटलं:

पंचफुला म्हणे माये, इथं बोट ठेव आता,
तुह्या लेकीचं हे नाव, वाच माये तूच सोता.

मागे मुलांनी ओळ उचलायला हवी होती, पण ती आ वासून उभी होती. तेव्हा मी पेटी सोडली, मुलांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो आणि ओळ धरली. 'पंचफुला म्हणे माये.' कोरसमध्ये मी याआधी अकरा वर्षं उभा राहिलो होतो, पण एवढा ताठ कधीच नाही. मग मुलांनी धरली, मग बायांनी.

खाली उतरलो तर गयाबाई कागद घेऊन समोर. म्हणाली, "गुरुजी, तिनं तं म्हटलं इथं बोट ठेव. इथं तं नाई लिवेल."

मी पेन काढलं, छापलेलं माझं नाव खोडलं आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं. खरं सांगतो, आपलं नाव खोडताना क्षणभर जीवावर आलं. मग तिनं बोट टेकवलं. एक एक अक्षर घेत, आजूबाजूच्या गर्दीला न जुमानता वाचलं, "पं. च. फु. ला." आणि मग न थांबता, मैदानाच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या जोरात, "पंचफुला!"

पोरीनं ढोलकी आवरता आवरता तिथूनच ओ दिली.